दीनांची चित्रकर्ती केथे कोल्वित्स

चित्रकला म्हणजे सुखवस्तु लोकांच्या दिवाणखान्याची शोभा, असा समज पुष्कळांचा असतो. फुलें, फळें, सूर्यास्त, देवादिक आणि राजेरजवाडे यांनीं चौकट भरावी. उपाशी मूल, शिवणकामानें थकलेली बाई, मेलेल्या लेंकराला उराशीं धरून बसलेली आई यांना त्या चौकटींत जागा कोठें? उलट पक्षीं, ज्यांच्या मनांत अन्यायाविषयीं चीड उत्पन्न होते ते सभा भरवितात, अर्ज करितात, वर्तमानपत्रांत लिहितात. चित्र काढून कोणाचें पोट भरतें, असें त्यांस वाटतें. या दोन्ही समजुतींना एका जर्मन स्त्रीनें सुमारें पन्नास वर्षें काम करून उत्तर दिलें. तिचें नांव केथे कोल्वित्स. तिचीं चित्रें कशीं जन्मलीं, तीं छापण्याचीच रीत तिनें कां पत्करिली, आणि जें दुःख ती इतरांच्या घरचें म्हणून रेखाटीत होती तें तिच्या स्वतःच्या उंबरठ्यांत येऊन उभें राहिलें तेव्हां तिनें काय केलें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

केथेचा जन्म ता. ८ जुलै १८६७ रोजीं पूर्व प्रशियांतील कोनिग्सबर्ग या बंदराच्या शहरीं झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हें शहर रशियाकडे गेलें व आज तें कालिनिनग्राड या नांवानें ओळखलें जातें. तिचे आईकडचे आजोबा युलियुस रुप हे धर्मोपदेशक होते. सरकारमान्य चर्चच्या अधिकाऱ्यांशीं त्यांचें पटलें नाहीं, त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं आपल्या शहरांत स्वतंत्र मंडळी स्थापन केली. वडील कार्ल श्मिट हे कायदा शिकलेले. परंतु त्यांचीं मतें त्या वेळच्या सरकारास न रुचणारीं असल्यामुळें त्यांनीं सरकारी चाकरीची वाट सोडिली, गवंड्याचें काम शिकून घेतलें आणि घरें बांधण्याचा धंदा केला. मत सोडण्यापेक्षां पद सोडावें, हा धडा केथेला पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. अंगचा गुण हें मिरविण्याचें भूषण नसून तें आपणांवर सोंपविलेलें काम आहे, ही आजोबांची शिकवण तिनें जन्मभर स्मरणांत ठेविली.

मुलीच्या हातांत चित्रकला आहे हें वडिलांनींच प्रथम ओळखलें. त्या काळीं जर्मनींतील सरकारी कलाशाळांत मुलींना प्रवेश नसे. म्हणून वडिलांनीं तिला गांवांतील एका ठसेकारागिराकडे शिकावयास ठेविलें आणि पुढें बर्लिन व म्युनिक येथील स्त्रियांच्या कलाशाळांत पाठविलें. कोनिग्सबर्गच्या धक्क्यावर ओझीं वाहणारे हमाल व खलाशी यांना पाहत ती तासन् तास हिंडे. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या श्रमजीवी लोकांकडे ती प्रथम ओढली गेली ती दयेनें नव्हे. त्यांच्या हालचालींत तिला एक मोकळें, दणकट सौंदर्य दिसलें; सुखवस्तु घरांतील माणसें तिला त्यापुढें फिकीं वाटलीं. कणव मागून आली. आणि ती कशी आली, तें आतां पाहूं.

सन १८९१ मध्यें केथेचें लग्न डॉक्टर कार्ल कोल्वित्स यांच्याशीं झालें. संसारांत पडल्यावर मुलीची कला सुटेल, अशी वडिलांस धास्ती होती; ती खोटी ठरली. जर्मनींत १८८३ सालीं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला होता. त्या कायद्याप्रमाणें कामगारांच्या वर्गणीचे फंड असत व फंडाचे डॉक्टर त्यांवर उपचार करीत. कार्ल कोल्वित्स हे अशाच एका फंडाचे डॉक्टर झाले आणि उत्तर बर्लिनमधील प्रेन्त्सलाउअर बेर्ग या कामगारवस्तींत राहूं लागले. घर आणि दवाखाना एकाच इमारतींत होता. या घरांत कोल्वित्सबाईंनीं पन्नासांहून अधिक वर्षें काढिलीं. औषधासाठीं आलेल्या बायका डॉक्टरांकडे दुखणें सांगत आणि मग बाईंपाशीं बसून दुखण्याचें मूळ सांगत: नवऱ्याचें काम सुटलें आहे, भाडें थकलें आहे, तो दारू पितो, पुन्हां दिवस गेले आहेत, धाकटें मूल दूध पचवीत नाहीं. धक्क्यावर जें नुसतें सुंदर दिसलें होतें त्याच्या आंत काय चाललें आहे, हें बाईंना या खोलींत समजलें. त्यांनीं दुःखितांना शोधण्यासाठीं वस्तींत फेरी मारिली नाहीं. त्या त्यांच्या शेजारीं राहिल्या. त्यांच्या कलेचा पाया हा शेजार होय.

ता. २८ फेब्रुवारी १८९३ रोजीं बाईंनीं बर्लिनमध्यें गेरहार्ट हाउप्टमन यांचें ‘विणकर’ हें नाटक पाहिलें. सायलेशिया प्रांतांतील हातमागवाल्या विणकरांनीं १८४४ सालीं केलेल्या उठावावर तें रचलेलें होतें. यंत्राच्या कापडाशीं स्पर्धा आणि व्यापाऱ्यांनीं पाडलेली मजुरी यांच्या कचाट्यांत सांपडून ते विणकर उपासमारीस लागले, त्यांनीं व्यापाऱ्यांच्या हवेल्यांवर चाल केली आणि लष्करानें गोळ्या घालून त्यांना मोडून काढलें. या नाटकाच्या जाहीर प्रयोगास पोलिसांची बंदी होती, म्हणून तो एका खासगी नाट्यमंडळानें आपल्या सभासदांपुढें केला. नाटक पाहून परतलेल्या बाईंनीं हातांतील दुसरें काम बाजूस ठेविलें आणि पुढील चार वर्षें सहा चित्रांची एक मालिका तयार करण्यांत घालविलीं.

पहिल्या चित्रांत विणकराची कोंदट खोली आहे. रोडावलेलें मूल अंथरुणावर पडलें आहे आणि आई दोन्ही हातांनीं डोकें धरून त्याच्यावर वांकली आहे. मागें हातमाग उभा आहे. दुसऱ्या चित्रांत मृत्यु त्या खोलींत शिरतो. तिसऱ्यांत चार पुरुष रात्रीं मेजाभोंवतीं बसून कुजबुजत आहेत. चवथ्यांत विणकर चालून निघाले आहेत. त्यांत एक बाई झोंपलेलें मूल पाठीवर घेऊन चालली आहे. पांचव्यांत ते हवेलीच्या फाटकाशीं येऊन धडकले आहेत आणि बायका रस्त्याचे दगड उपसून देत आहेत. सहाव्यांत पुन्हां विणकराची खोली. आंत प्रेतें आणून जमिनीवर ठेवीत आहेत. एवढ्या मोठ्या कथेंत व्यापाऱ्याचें तोंड एकदांही दिसत नाहीं. दिसतें तें त्याच्या हवेलीचें नक्षीदार लोखंडी फाटक. एखाद्या दुष्ट माणसाचें चित्र काढून त्याच्यावर राग ओतणें सोपें होतें. परंतु तो एक माणूस गेल्यानें विणकरांची भूक भागली नसती. बाईंनीं माणसाऐवजीं फाटक दाखविलें, आणि भांडण कोणत्या गोष्टीशीं आहे तें एका फाटकानें सांगितलें.

ही मालिका १८९८ सालीं बर्लिनच्या मोठ्या कलाप्रदर्शनांत मांडण्यांत आली. वयोवृद्ध चित्रकार आडोल्फ मेन्त्सेल हे परीक्षक होते. त्यांनीं बाईंना सुवर्णपदक द्यावें अशी शिफारस केली. परंतु कैसर दुसरा विल्यम यानें ती नाकारिली. पुढील वर्षीं ड्रेस्डेन येथें त्याच कामाबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालें.

आतां बाईंनीं रंग व कुंचला बाजूस ठेवून छापील चित्रांचीच वाट कां धरिली, तें पाहूं. तैलचित्र एकच असतें. जो विकत घेतो त्याच्या भिंतीवर तें राहतें, आणि विकत घेणारा बहुधा धनिकच असतो. छापाच्या चित्राचें तसें नाहीं. एका ठशावरून अनेक प्रती निघतात, प्रत्येक प्रत अस्सल असते, आणि ती थोडक्या किमतींत देतां येते. ज्यांच्याविषयीं चित्र आहे त्यांच्या हातीं तें पडावें, अशी ज्याची इच्छा असेल त्याला हाच मार्ग होता. बाईंनीं छापाच्या तीन रीती वापरिल्या.

पहिली रीत धातूच्या पत्र्याची. पत्र्यावर मेणासारख्या पदार्थाचा थर देतात, सुईनें त्यावर रेघा ओढतात आणि पत्रा तेजाबांत बुडवितात. जेथें थर खरवडला गेला असेल तेथेंच तेजाब धातु खातें व बारीक खांचा पडतात. पत्र्याला शाई लावून वरचा भाग पुसून काढिला म्हणजे शाई खांचांत राहते. मग ओलसर कागद ठेवून तो जबर दाबाखालून काढतात. या रीतीनें अत्यंत नाजूक छाया व दाट अंधार हीं दोन्हीं साधतात. दुसरी रीत शिळाछापाची. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनें चित्र काढतात, दगड ओला करितात व शाईचा रूळ फिरवितात. पाणी आणि तेल एकमेकांस धरीत नसल्यामुळें शाई चित्रावरच बसते. रविवर्म्याचीं देवादिकांचीं चित्रें महाराष्ट्रांत घरोघर भिंतींवर आलीं तीं याच शिळाछापाच्या कृपेनें. तिसरी रीत लांकडी ठशाची. फळीवरील नको असलेला भाग हत्यारानें कोरून टाकतात. तो कागदावर पांढरा राहतो, आणि उरलेला उठावाचा भाग काळा छापला जातो. या रीतींत मधल्या करड्या छायेस फारसा वाव नसतो. जें सांगावयाचें तें काळ्या-पांढऱ्यांत रोखठोक सांगावें लागतें. बाईंनीं या तिन्ही रीती केव्हां केव्हां वापरिल्या हें पुढें पाहिलें म्हणजे त्यांच्या मनाचा प्रवासही समजतो.

१९०६ सालीं बर्लिनमध्यें घरकामगारांच्या स्थितीविषयीं एक प्रदर्शन भरलें. कारखान्याकडून माल आणून घरीं बसून शिवण, फुलें, खेळणीं असलीं कामें करणाऱ्या बायकांना रात्रंदिवस खपून अत्यंत थोडी मजुरी मिळे. तें लोकांस कळावें हा प्रदर्शनाचा हेतु होता. त्याचें भित्तिपत्रक बाईंनीं काढिलें. त्यांत फक्त एका थकलेल्या कामकरी बाईचें मुख आहे; डोळे जड, ओंठ मिटलेले. तें भित्तिपत्रक नजरेआड केल्याखेरीज आपण प्रदर्शनास येणार नाहीं, असें महाराणी आउगुस्ता व्हिक्टोरिया यांनीं कळविलें. पुढें १९१२ सालीं बर्लिनच्या घरांच्या टंचाईविषयींच्या सभेसाठीं त्यांनीं दुसरें भित्तिपत्रक केलें. एकेका खोलींत पांच किंवा अधिक माणसें असलेल्या बिऱ्हाडांतून ६,००,००० लोक राहतात, असें त्यावर छापलें होतें, आणि खेळावयास जागा नसलेलीं दोन मुलें चितारलीं होतीं. त्यावर पोलिसांनीं बंदी घातली. चित्राचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांनीं या दोन प्रसंगांचा विचार करावा. ज्याचा कांहीं परिणाम होत नाहीं, त्याला झांकून ठेवण्याची गरज राज्यकर्त्यांस पडत नाहीं.

याच सुमारास, १९०८ पर्यंतच्या काळांत, बाईंनीं ‘शेतकऱ्यांचें युद्ध’ ही सात चित्रांची मालिका धातूच्या पत्र्यावर पूर्ण केली. जर्मनींत १५२४-२५ सालीं जमीनदारांविरुद्ध शेतकऱ्यांनीं जो उठाव केला त्यावर ती आहे. पहिल्याच चित्रांत दोन पुरुष बैलांप्रमाणें नांगरास जुंपलेले आहेत. एका चित्रांत लढाई संपल्यानंतरची रात्र आहे. सगळें काळेंकुट्ट, एक वांकलेली बाई हातांत कंदील घेऊन प्रेतांमधून आपल्या मुलाला शोधीत आहे. प्रकाश पडला आहे तो फक्त तिच्या राबलेल्या हातावर आणि त्या हातानें वर उचललेल्या एका तरुणाच्या हनुवटीवर. तिला तो सांपडला आहे कीं नाहीं, हें चित्र सांगत नाहीं. हात मात्र सारें सांगतो.

त्यापूर्वीं, १९०३ मध्यें, बाईंनीं ‘मृत मुलासह स्त्री’ हें चित्र केलें होतें. ख्रिस्ती चित्रकलेंत वधस्तंभावरून उतरविलेल्या प्रभूला मांडीवर घेऊन बसलेल्या मरियेचें चित्र फार जुनें आहे. बाईंनीं त्यांतील तेजोवलय, वस्त्रें, देवदूत सर्व काढून टाकिलें. उरली ती केवळ आई आणि तिचें लेंकरूं. या चित्रासाठीं आरशापुढें बसून त्यांनीं स्वतःचा धाकटा मुलगा पेटर याला मांडीवर घेतलें होतें. तो तेव्हां सात वर्षांचा होता. बराच वेळ तसें बसणें जड जाऊन त्या कण्हूं लागल्या, तेव्हां चित्र फार सुंदर होईल असें म्हणून त्या बाळानेंच आईची समजूत घातली.

हाच पेटर १९१४ सालीं अठरा वर्षांचा झाला होता. ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें आणि शाळाकॉलेजांतील मुलें हर्षानें सैन्यांत नांवें नोंदवूं लागलीं. पेटर कायद्यानें अज्ञान असल्यामुळें त्याला वडिलांची परवानगी लागत होती. डॉक्टर ती देईनात. मुलानें आईकडे पाहिलें, आणि आईनें त्याच्या बाजूनें शब्द टाकून वडिलांचें मन वळविलें. ता. २२ ऑक्टोबर १९१४ रोजीं बेल्जियममध्यें पेटर मारला गेला. त्याला आघाडीवर जाऊन थोडेच दिवस झाले होते.

जिनें वीस वर्षें आयांचें दुःख रेखाटलें होतें, तिनेंच आपल्या मुलाला रणांत जाऊं दिलें. हें शल्य बाईंनीं कधीं लपविलें नाहीं. तरुण पिढी आनंदानें प्राण देते यांत कांहीं पवित्र असलें पाहिजे, असें त्यांना प्रथम वाटलें. नाहीं तर पेटरचें मरण व्यर्थ ठरत होतें. परंतु वर्षें गेलीं तशी दुसरी जाणीव वाढत गेली: जर्मन, इंग्रज, फ्रेंच, रशियन, साऱ्याच देशांतील तरुणांच्या निष्ठेचा दुरुपयोग करण्यांत आला आहे. मुलाशीं एकनिष्ठ राहावयाचें तर त्याच्या श्रद्धेशीं एकनिष्ठ राहावें, कीं सत्याशीं? या प्रश्नाशीं त्या आपल्या रोजनिशींत अनेक वर्षें झगडत होत्या. अखेर ऑक्टोबर १९१८ मध्यें, युद्ध हरल्यांत जमा असतां, कवि रिखार्ड डेमेल यांनीं आणखी स्वयंसेवकांनीं पुढें यावें असें आवाहन केलें, तेव्हां बाईंनीं वर्तमानपत्रांत जाहीर उत्तर दिलें. पुरेसे मेले आहेत, आतां आणखी एकही जाऊं नये, असा त्या उत्तराचा आशय होता. ज्या आईनें एकदां ‘जा’ म्हटलें होतें, तिनें साऱ्या राष्ट्रापुढें ‘पुरे’ म्हटलें. त्या उत्तराचें वजन तिच्या पहिल्या शब्दामुळेंच होतें.

जानेवारी १९१९ मध्यें कामगारपुढारी कार्ल लीब्क्नेख्ट यांचा खून झाला. त्यांच्या घरच्यांनीं बोलाविल्यावरून बाईंनीं त्यांच्या शवाचीं रेखाटनें केलीं. त्या लीब्क्नेख्टांच्या पक्षाच्या नव्हत्या, आणि हें त्यांनीं उघड सांगितलें. परंतु शोक करणाऱ्या कामगारांचें चित्र काढण्यास पक्षाची परवानगी लागत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. चित्र पत्र्यावर करून पाहिलें, दगडावर करून पाहिलें, मनास येईना. १९२० मध्यें त्यांनीं एर्न्स्ट बारलाख यांचे लांकडी ठसे पाहिले आणि वाट सांपडली. पुढें युद्धाविषयीं जें त्यांना सांगावयाचें होतें, तेंही त्यांनीं लांकडांतच कोरिलें.

‘युद्ध’ ही सात ठशांची मालिका १९२३ पर्यंत पूर्ण होऊन प्रसिद्ध झाली. युद्धावरील चित्रें म्हटलीं कीं तोफा, घोडे, निशाणें, धूर आपणांस आठवतात. येथें त्यांपैकीं कांहीं नाहीं. एका ठशांत आई आपलें तान्हें मूल दोन्ही हातांवर उचलून देत आहे. दुसऱ्यांत मृत्यु नगारा वाजवीत पुढें चालला आहे व तरुण मुलें भारल्याप्रमाणें त्याच्या मागें निघालीं आहेत. मृत्यूच्या अगदीं लगतचा मुलगा पेटर आहे. एका ठशांत बायका एकमेकींना घट्ट बिलगून उभ्या आहेत आणि त्यांच्या कड्याच्या आंतून मुलांचीं तोंडें डोकावतात. घरीं राहिलेल्यांचें युद्ध तें हें. पत्र्यावरील नाजूक छाया येथें गेल्या. काळें आणि पांढरें एवढेंच उरलें.

युद्धानंतर उपासमार आली. १९२१ मध्यें रशियांतील दुष्काळपीडितांसाठीं, पुढें जर्मनींतील भुकेल्या मुलांसाठीं, बाईंनीं एकामागून एक भित्तिपत्रकें केलीं. १९२४ च्या एका शिळाछापांत आईच्या पदराला ओढीत दोन मुलें भाकर मागत आहेत आणि आईनें पाठ फिरविली आहे. कारण तिच्याजवळ द्यावयास कांहीं नाहीं. त्याच वर्षीं लाइप्त्सिग येथील तरुण कामगारांच्या मेळाव्यासाठीं त्यांनीं ‘पुन्हां युद्ध नको’ हें भित्तिपत्रक काढिलें. त्यांत एक तरुण उजवा हात उंच उभारून शपथ घेत आहे. या कामांसाठीं त्यांनीं दगडाची रीत निवडली. कारण ती जलद होती, आणि भुकेल्यांसाठीं काढावयाच्या चित्रानें वेळ लावून चालत नाहीं.

पेटरच्या थडग्यासाठीं स्मारक करावयाचें, हें बाईंनीं १९१४ मध्येंच ठरविलें होतें. तें पुरें होण्यास अठरा वर्षें लागलीं. पहिला बेत असा होता कीं, मुलगा आडवा पडलेला दाखवावा व आईबाप त्याच्यापाशीं असावे. तो बेत त्यांनीं टाकून दिला. शेवटीं मुलगा गेला आणि गुडघे टेकलेले आईबापच राहिले. दोन निरनिराळ्या दगडांच्या या मूर्ति एकमेकांपासून अलग आहेत. बाप ताठ आहे आणि त्यानें दोन्ही हातांनीं स्वतःलाच आवळून धरिलें आहे. आई खालीं वांकली आहे. त्यांच्या चेहऱ्यांवर डॉक्टरांची व बाईंची छाया आहे. कोणी वीर नाहीं, समशेर नाहीं, विजयाचा हार नाहीं. जुलै १९३२ मध्यें बेल्जियममधील रोग्गेव्हेल्डे येथील दफनभूमींत या मूर्ति बसविण्यांत आल्या. पुढें तेथील थडगीं हलविलीं तेव्हां त्याही हलविण्यांत आल्या. आज त्या व्लाड्स्लो येथील जर्मन दफनभूमींत आहेत. तेथें २५,००० हून अधिक सैनिक पुरलेले आहेत, आणि त्यांत पेटर आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना रणांत पाठविणाऱ्या थोरांनीं मुलांपुढें गुडघे टेकून क्षमा मागावी, असा अर्थ या मूर्तींपुढें उभें राहिलें म्हणजे मनांत येतो.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर अधिकारावर आला. त्याला अडविण्यासाठीं कामगारांच्या पक्षांनीं एकत्र यावें, अशा आवाहनावर कोल्वित्स दांपत्यानें सही केली होती. बाई १९१९ पासून प्रशियाच्या कला-अकादमीच्या सभासद होत्या आणि तेथें शिकवीतही होत्या. त्यांना फेब्रुवारींतच राजीनामा देणें भाग पडलें. पुढें त्यांचीं चित्रें प्रदर्शनांतून काढून टाकण्यांत येऊं लागलीं. १९३६ मध्यें गुप्त पोलिसांनीं घरीं येऊन चौकशी केली व छळछावणीची धमकी दिली. परंतु छापील चित्राचा गुण असा कीं, एका देशानें दार लाविलें तरी तें दुसऱ्या देशांत पोंचलेलें असतें. चीनमधील थोर लेखक लू शुन यांनीं १९३१ मध्यें बाईंचा ‘युद्ध’ मालिकेंतील एक ठसा मासिकांत छापला आणि १९३६ मध्यें त्यांच्या चित्रांचा संग्रह काढिला. त्यावरून तेथील तरुण चित्रकार लांकडी ठशाची कला शिकले.

१९४० मध्यें डॉक्टर वारले. १९४२ मध्यें थोरल्या मुलाचा मुलगा, त्याचेंही नांव पेटरच ठेविलेलें होतें, रशियाच्या आघाडीवर पडला. त्याच वर्षीं पंचाहत्तरीच्या घरांतील बाईंनीं आपला शेवटचा शिळाछाप केला. एक आई आपल्या दणकट हातांखालीं तीन मुलांना झांकून उभी आहे. मुलें भेदरलेलीं नाहींत. उलट तीं बाहेर पडण्यास उत्सुक आहेत, आणि आई त्यांना आवरून धरीत आहे. या चित्राला त्यांनीं दिलेल्या नांवाचा अर्थ असा कीं, पेरणीचे दाणे दळूं नयेत. आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्यास याचें स्पष्टीकरण नको. वर्ष कितीही वाईट येवो, बियाण्याच्या कणगीला तो हात लावीत नाहीं. कारण ते दाणे आजच्या भाकरीचे नसून उद्यांच्या शेताचे असतात.

१९४३ मध्यें बाँबहल्ल्यामुळें बाईंना बर्लिन सोडावें लागलें. नोव्हेंबरांत त्यांचें जुनें घर जळालें आणि त्यांत पुष्कळ चित्रें गेलीं. ता. २२ एप्रिल १९४५ रोजीं ड्रेस्डेनजवळील मोरित्सबुर्ग येथें त्यांनीं देह ठेविला. युरोपांतील युद्ध संपण्यास सोळा दिवस उरले होते. बर्लिनमधील त्यांच्या रस्त्यास आज कोल्वित्स यांचेंच नांव आहे. १९९३ मध्यें त्या शहरांतील राष्ट्रीय स्मारकांत, युद्ध व जुलूम यांस बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या ‘मृत पुत्रासह माता’ या शिल्पाची मोठी प्रतिकृति ठेवण्यांत आली.

चळवळीच्या स्पर्शानें कला बाटते काय, या प्रश्नाचें उत्तर आतां आपणच द्यावें. बाईंनीं चित्रांतून उपदेश केला नाहीं. त्यांनीं हात काढिले: डोकें धरणारा हात, मुलाच्या हनुवटीखालीं गेलेला हात, पोरांना झांकणारा हात. ते हात त्यांना ठाऊक होते, कारण ते रोज दवाखान्याच्या बाकावर येऊन बसत. न्यायाची चाड नसती तर त्यांनीं ते हात पाहिले नसते. आणि कलेचा अभ्यास नसता, तर पाहिलेलें आपणांस दाखवितां आलें नसतें. विद्यार्थिमित्रांनीं चित्र काढावयास बसतांना पहिल्यानें आपल्या भोंवतालचे राबणारे हात निरखून पाहावे. आणि पालकांनीं त्या शेवटच्या शिळाछापाचा विचार करावा. त्यांतील आई मुलांना कायमचें कोंडीत नाहीं. पेरणीची वेळ आली म्हणजे दाणे शेतांत जावयाचेच आहेत. तिचा आग्रह इतकाच आहे कीं, ते जात्यांत जाऊं नयेत.